कॅमेरा कोणता घेऊ? आणि त्याच्यापुढे काय लावू?



मी बेंगळुरूहून बोलतेय. मूळची बेळगावची. वीस वर्षांहून जास्त काळ इथे आहे, एका कंपनीत हिशेबाचं काम करते, आणि रविवारी पहाटे चार वाजता घरातल्यांची झोपमोड करून डोंगर, तळी, ढग यांचे फोटो काढायला जाते. फोटोग्राफी हा माझा धंदा नाही, मला कुठल्या कंपनीने कॅमेरा फुकट दिलेला नाही, त्यामुळे मी जे बोलेन ते माझ्या खिशातून गेलेल्या पैशांच्या अनुभवावर. काही पैसे चांगले गेले, काही अगदी वाया गेले. दोन्ही सांगते.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "कॅमेरा कोणता घेऊ?" तो विचारला की मला आधी एक तळं आठवतं. इथे तळ्याला केरे म्हणतात. उत्तर बेंगळुरूत आम्ही राहायला आलो तेव्हा घरापासून चालत दहा मिनिटांवर एक केरे होतं. फार मोठं नव्हतं. पण पलीकडच्या काठावर एक उघडाबोडका खडकाचा उंचवटा होता आणि हिवाळ्यात सकाळी त्याच्यामागून सूर्य वर यायचा. पाण्यावर धुकं, धुक्यात दोन-तीन बगळे. मी रोज चालायला जायची आणि रोज ठरवायची की चांगला कॅमेरा घेतला की याचा फोटो काढायचा.

ते २०१२ साल. मी हिशेबातली बाई, त्यामुळे एक्सेलमध्ये तक्ता केला. डावीकडे सात कॅमेरे, वर अठरा रकाने. सेन्सर, मेगापिक्सेल, वजन, बॅटरी, किंमत, सगळं. दर दोन महिन्यांनी एखादं नवं मॉडेल यायचं, मग आठवी ओळ, नववी ओळ. दिवाळीला भाव उतरतील म्हणून दिवाळीपर्यंत थांबले. दिवाळीत उतरले, तर वाटलं नव्या वर्षात आणखी उतरतील. असे चौदा महिने गेले. कॅमेरा घरी आला त्या आठवड्यात मी काठावर जाऊन उभी राहिले, तेव्हा पलीकडे पत्र्याचं कुंपण लागलेलं होतं आणि खडकाच्या जागी खडी होती. पुढच्या वर्षी तिथे चौदा मजल्यांची इमारत उभी राहिली. योगायोग बघा, महिने चौदा, मजले चौदा.

त्या उंचवट्याचा माझ्याकडे एकच फोटो आहे, तेव्हाच्या साध्या फोनवर असाच काढलेला. भुरकट, जरा वाकडा. माझ्या सगळ्या फोटोंमध्ये आज मला तो सगळ्यात जास्त हवासा आहे.

तर कॅमेरा. निसर्गचित्रांसाठी कॅमेऱ्याकडून काय लागतं? डोंगर पळत नाही. त्यामुळे सेकंदाला वीस फोटो, डोळ्यांवर चिकटणारा ऑटोफोकस, या गोष्टींचे पैसे आपण का भरायचे? आपल्याला हवं काय, तर रॉ फाईल देणारा, सगळं हाताने ठरवू देणारा, आणि उजळ आकाश व काळी जमीन दोन्हीतला तपशील बऱ्यापैकी धरणारा सेन्सर. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक एपीएस-सी कॅमेऱ्यांत हे आहे. एपीएस-सी म्हणजे साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटरचा सेन्सर. फुल फ्रेम म्हणजे छत्तीस बाय चोवीस, जुन्या रिळातल्या चौकटीएवढा. मोठा सेन्सर अंधारात चांगला चालतो, हे खरं. पण आपण तिपाईवर कॅमेरा ठेवून आयएसओ १०० वर फोटो काढणार असू, तर त्या फरकातला बराचसा भाग उरतच नाही.

मेगापिक्सेलचा हिशेब तर मला फार आवडतो, कारण तो खराच हिशेब आहे. चोवीस मेगापिक्सेल म्हणजे साधारण ६००० बाय ४००० ठिपके. छापताना इंचाला ३०० ठिपके धरले, तर वीस बाय तेरा इंचांचं चित्र निघतं. तुमच्या दिवाणखान्यात एवढी मोकळी भिंत आहे का? माझ्याकडे नाही. तिथे टीव्ही आहे.

माझा सल्ला विचाराल तर पहिला कॅमेरा वापरलेला घ्या. मोठ्या कंपन्यांचं सगळं लक्ष आता मिररलेसकडे आहे, त्यामुळे आरशाचे जुने डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स बऱ्याच स्वस्तात सुटतात. जड असतात, पण फोटो तितकेच चांगले देतात. फक्त घेताना तीन गोष्टी तिथल्या तिथे करा. एक म्हणजे एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा, फोकस मुद्दाम घालवून, फोटो काढा आणि मोठा करून बघा. सेन्सरवरची धूळ काळ्या डागांसारखी दिसते. धूळ साफ होते, पण ओरखडा असेल तर तो साफ होत नाही. मग लेन्समधून मोबाईलची विजेरी आरपार मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी ती लेन्स घरी आणू नका. आणि शटर किती वेळा पडलंय ते विचारा. साध्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण लाखभर फोटो चालेल असं धरतात.

बुरशीचं मी जरा जास्त बोलते, कारण मी बेळगावची. आमच्याकडच्या पावसाळ्यात चपलांवर, पट्ट्यांवर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी येते, लेन्सचं काय घेऊन बसलात! कोकण, गोवा, कोल्हापूरकडच्या मंडळींनी हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या घेतल्याच पाहिजेत. कॅमेऱ्याची चामड्याची पेटी दिसायला छान असते, पण ओल धरते. बेंगळुरूची हवा त्यामानाने कोरडी, इथे आपण गाफील राहतो आणि गणपतीला गावी कॅमेरा नेतो, तिथे गडबड होते.

लेन्सबद्दल एकच सांगते. निसर्ग म्हणजे वाइड लेन्स, हा समज मनातून काढा. वाइडमध्ये दूरचा डोंगर मुंगीएवढा होतो आणि पायाजवळचा दगड राक्षस होतो. पायाजवळ काही बघण्यासारखं असेल तरच वाइड. रामनगरच्या टेकड्या घ्या, 'शोले' जिथे झाला त्या. इथून पन्नास किलोमीटरवर. तिथे मी वर्षभर वाइड लेन्सने फोटो काढले आणि दर वेळी वाटायचं की डोळ्यांना दिसतं ते यात येत नाही. मग कोणाची तरी ५५-२५० झूम दोन दिवसांसाठी मागून आणली. एकामागे एक टेकड्यांच्या रांगा, प्रत्येक मागची रांग थोडी फिकट, हे सगळं एकदम चौकटीत येऊन बसलं. कॅमेऱ्याबरोबर मिळते ती १८-५५ आणि एक साधी झूम, या दोघींवर माझी पहिली पाच वर्षं गेली.

तिपाई मात्र चांगली घ्या. पहिली तिपाई मी हलकी, स्वस्त घेतली आणि ती नंदीच्या वाऱ्यात कॅमेऱ्यासकट आडवी झाली.

आता फिल्टर. यावर मी मनापासून बोलणार आहे, कारण इथे मी सगळ्यात जास्त चुका केल्या.

फिल्टरशी माझी पहिली ओळख काकांमुळे. काकांचा बेळगावात छोटासा स्टुडिओ होता. लग्नं, पासपोर्ट, शाळांचे ग्रुप फोटो. पण मृगाचे ढग आले की ते यशिका घेऊन येळ्ळूरच्या राजहंसगडावर जायचे. उटीत तयार होणारा इंदूचा कृष्णधवल रोल, त्यात बारा फोटो. आणि लेन्सपुढे पिवळ्या काचेचा एक चकती-फिल्टर, तो ते रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवायचे. मी विचारायची, फोटो काळा-पांढरा, मग काच पिवळी कशाला? ते म्हणायचे, "ढग दिसावेत म्हणून." तेवढंच. जास्त बोलायचा स्वभाव नव्हता.

ते मला कळलं खूप उशिरा, आणि कळलं तेही बेंगळुरूशी संबंधित एका माणसामुळे. लिनियस ट्राइप नावाचा मद्रास सैन्यातला एक अधिकारी होता. १८५४ च्या डिसेंबरात त्याने हळेबीडु आणि बेलूरच्या देवळांचे फोटो काढले, १८५५ मध्ये ते मद्रासच्या प्रदर्शनात मांडले. त्याच वर्षी तो ब्रह्मदेशात गेला आणि तिथल्या फोटोंच्या प्रती त्याने बेंगळुरूला परत आल्यावर केल्या. त्या काळच्या रसायनाला जवळजवळ फक्त निळा प्रकाश दिसायचा. म्हणजे निळं आकाश आणि पांढरा ढग त्याला सारखेच, दोन्ही पांढरेफटक. देऊळ नीट यायचं, वर आकाश कोऱ्या कागदासारखं. ट्राइपने काय करावं? त्याने निगेटिव्हवर ब्रशने ढग रंगवले! आज कोणी संगणकावर आकाश बदललं की आपण नाकं मुरडतो. हा माणूस पावणेदोनशे वर्षांपूर्वी तेच करत होता, हाताने.

पुढे सगळे रंग जाणणारी फिल्म आली आणि मग पिवळ्या काचेला काम मिळालं. पिवळी काच निळा प्रकाश अडवते, पांढऱ्या ढगाचा बाकीचा प्रकाश आत येऊ देते. आकाश गडद होतं, ढग उठून दिसतो. लाल काच आणखी जोरात. अँसेल अ‍ॅडम्सने १९२७ च्या एप्रिलमध्ये योसेमिटीतल्या हाफ डोमचा प्रसिद्ध फोटो काढला, तेव्हा आधी पिवळा फिल्टर लावून एक फोटो घेतला आणि मग गडद लाल लावून शेवटची उरलेली काच वापरली. आकाश जवळजवळ काळं झालं. त्याला डोंगर जसा जाणवत होता तसा तो लालमध्ये आला.

आज हे रंगीत फिल्टर घ्यायची गरज नाही. डिजिटल रंगीत फोटोत निळा, हिरवा, लाल वेगवेगळे साठवलेले असतात, तुम्ही घरी बसून पिवळी काच लावू शकता. इथूनच मला माझा नियम मिळाला. फिल्टर घ्यायच्या आधी विचारायचं, हे काम नंतर घरी होऊ शकतं का? होत असेल तर काच नको.

या चाळणीतून यूव्ही फिल्टर पहिला गळतो. डिजिटल सेन्सरपुढे अतिनील किरण अडवायची सोय आधीच असते. दुकानात कॅमेऱ्याबरोबर "मॅडम, प्रोटेक्शनला" म्हणून जो लावून देतात, तो म्हणजे लेन्सचा रेनकोट. समुद्रावर, धुळीत लावायला हरकत नाही. पण मी तो स्वस्तातला लावून नंदीवर सूर्योदय काढला आणि प्रत्येक फोटोत सूर्याच्या तिरक्या समोर एक हिरवट भूत. सूर्य चौकटीत असेल तर काढून ठेवा. लेन्सला धक्क्यापासून जपायला हूड जास्त उपयोगी.

ग्रॅज्युएटेड, म्हणजे वरचा अर्धा काळा आणि खालचा पारदर्शक. आकाश आणि जमीन यांच्यातला फरक कमी करायला. समुद्रासारखी सरळ क्षितिजरेषा असेल तर झकास. पण आपल्याकडे डोंगराचं टोक मध्येच वर घुसतं आणि तेही काळं होतं. त्याऐवजी तिपाईवरून तीन फोटो घ्या, एक बरोबर, एक दोन स्टॉप काळा, एक दोन स्टॉप उजळ, आणि घरी जोडा. मी चौकोनी काचांचा पूर्ण संच हौसेने घेतला होता. तो कपाटात आहे. कोणाला हवा असेल तर कळवा, खरंच.

उरतात दोन, आणि या दोघांचं काम घरी बसून नीट होत नाही. पहिला पोलरायझर. पाण्यावरची, ओल्या पानांवरची चकाकी तो अडवतो. एकदा चकाकीखाली जे दिसलंच नाही, ते संगणक कुठून आणणार? पावसात भिजलेलं रान या फिल्टरने असं हिरवं दिसतं की रंग वाढवावेच लागत नाहीत. बदल्यात दीड ते दोन स्टॉप प्रकाश जातो.

आकाशासाठी वापरताना मात्र सूर्य कुठे आहे ते बघावं लागतं. याचा परिणाम सूर्यापासून काटकोनात सगळ्यात जास्त आणि सूर्याच्या दिशेने जवळपास शून्य. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा ताठ करा, आणि तर्जनी न हलवता मनगट फिरवा. अंगठा जिथे जिथे जाईल तो आकाशाचा पट्टा गडद होईल. सकाळी नंदीवर पूर्वेकडे तोंड करून पोलरायझर लावलेली मंडळी मी दर रविवारी बघते. दोन स्टॉप प्रकाश द्यायचा आणि बदल्यात काही नाही. मीही वर्षभर तेच केलं.

आणि वाइड लेन्सवर सांभाळून. चौकटीत आकाश इतकं जास्त येतं की मधला पट्टा काळाभोर आणि दोन्ही कडा फिकट दिसतात. माझ्या पहिल्या नंदीच्या फोटोंमध्ये आकाशाला शाईचा डाग पडल्यासारखं दिसतं.

आता एक गंमत, जी थंड देशांतल्या पुस्तकांत तुम्हाला सापडणार नाही. तिथे दुपारी फोटो काढू नका असं लिहिलेलं असतं. पण बेंगळुरू साधारण तेरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलच्या २४-२५ तारखेला आणि १८ ऑगस्टच्या आसपास भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. सूर्य डोक्यावर, म्हणजे काटकोनातला पट्टा कुठे? क्षितिजाभोवती, चहूकडे सारखा! त्या दिवसांत दुपारी बारा-साडेबाराला कुठल्याही दिशेला तोंड करा, क्षितिजाजवळचं आकाश एकसारखं गडद होतं. मी लालबागच्या खडकावर जाऊन करून बघितलं आहे. तो खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे, पाय मात्र माझे भाजले. महाराष्ट्रात तुमच्या गावाप्रमाणे या तारखा मे आणि जुलै-ऑगस्टमध्ये येतात, पावसाळ्यातली ढगांत जाते, मेमधली बघा.

दुसरा, एनडी. काळी काच, बाकी काही नाही. सगळा प्रकाश सारखाच कमी करते, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं आणि पाणी, ढग वाहताना दिसतात. तीन स्टॉपची काच आठपट वेळ देते, सहाची चौसष्टपट, दहाची हजारपट. बरेच जण पहिल्यांदा दहा स्टॉपचीच घेतात. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर ढगाळ सकाळी एफ/११ वर मला १/३० सेकंद मिळत होता. दहा स्टॉप लावले की तो चौतीस सेकंद होतो. कावेरीचं पाणी चौतीस सेकंदांत पाणी राहतच नाही, कापूस होतो. तीन स्टॉपमध्ये तेच पाव सेकंद. धारा दिसतात, जोर दिसतो. मला पाण्याचा जोर हवा होता. तलावासाठी, ढगांसाठी सहा किंवा दहा ठीक.

शहरातल्या एका दुकानातून मी अगदी स्वस्तातली दहा स्टॉपची काच घेतली होती. तिने सगळं जांभळं केलं, कातळ, पाणी, झाडं, सगळं. आणि फिरवून कमी-जास्त होणारी एनडी घेणार असाल, तर वाइड लेन्सवर शेवटपर्यंत फिरवू नका, चौकटीवर काळी फुली उमटते.

खरेदीत एक युक्ती. माझ्या लेन्सचे व्यास ५८ आणि ६७. प्रत्येकीसाठी वेगळे फिल्टर घेण्याऐवजी मी ७७ मिलिमीटरचे दोनच चांगले घेतले, आणि लहान लेन्सवर बसवायला धातूच्या कड्या, त्यांना स्टेप-अप रिंग म्हणतात. कड्या स्वस्त असतात. फिल्टर अडकून बसला तर जोर लावून पिळू नका, कडेला जाडसं रबरबँड गुंडाळा आणि हलक्या हाताने फिरवा.

पुण्याहून एका ताईंनी लिहिलंय की त्यांच्याकडे पंचवीस हजार आहेत, वय एकसष्ट, गुडघे दुखतात, फुल फ्रेमसाठी आणखी दोन वर्षं साठवू का? ताई, मुळीच नको. वापरलेला हलका एपीएस-सी कॅमेरा, त्याच्याबरोबरची लेन्स आणि एक बरा पोलरायझर. तिपाई आत्ता नाही जमली तर कठड्यावर धान्याची छोटी पिशवी ठेवून तीवर कॅमेरा टेका. मी तांदळाची वापरते. या पावसाळ्यात सिंहगडावर गाडीने वर जा आणि ओल्या कातळाचे फोटो काढा. मला पाठवा.

शेवटी त्या तळ्याचं. गेल्या ऑगस्टमध्ये बऱ्याच वर्षांनी तिथे गेले. इमारत आता जुनी दिसायला लागली आहे. काठावर चालायला फरशीची वाट केली आहे. पाऊस नुकता थांबला होता, पाण्यात इमारतीचं आणि पांढऱ्या आकाशाचं प्रतिबिंब, बाकी काही दिसत नव्हतं. सवयीने पोलरायझर लावला आणि फिरवला. प्रतिबिंब हळूहळू विरलं आणि खाली काठाजवळ दगडी पायऱ्या दिसल्या, चार-पाच, जुन्या, कडा झिजलेल्या. इतकी वर्षं मी तिथे चालत होते, त्या कधी दिसल्या नव्हत्या. मागे एक आजोबा थांबले होते. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, पाण्याचा फोटो का काढताय? मी त्यांना कॅमेऱ्यातून बघायला दिलं. ते वाकून बघत राहिले आणि म्हणाले, इथे आमची आई कपडे धुवायची.

तो फोटो या भागाच्या शेवटी दाखवते आहे. एफ/८, १/४० सेकंद, आयएसओ २००.